एकाच दिवसात थंडी, ऊन आणि पाऊस: शरद येतो कसा?

सप्टेंबर संपत आला की पुण्याहून सिंहगडावर जाणाऱ्याने काय घालून निघावं हा प्रश्नच असतो. पहाटे दुचाकीवरून खडकवासल्याच्या कडेने जाताना वारा अंगाला झोंबतो आणि जर्किनची चेन गळ्यापर्यंत ओढावी लागते. दहा-अकराला गड उतरताना तेच जर्किन कमरेला बांधलेलं असतं, पाठ घामाने भिजलेली असते आणि ऊन थेट एप्रिलची आठवण करून देतं. दुपारी चारच्या सुमारास पूर्वेकडून काळा ढग वर येतो, गडगडतं आणि डोणज्याच्या टपरीत चहा घेणारी मंडळी रेनकोट शोधू लागतात.

जुलैत असं होत नाही. तेव्हा सकाळ, दुपार आणि संध्याकाळ सारखीच असते: ओली, गार आणि करडी. मग दोन महिन्यांत असं काय घडतं की एका दिवसात तीन ऋतू मावतात?

हवामानात आणि रानात या दिवसांत दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बदलामागे दोनपैकी एक कारण असतं. एक म्हणजे हवेतला ओलावा कमी होणं, दुसरं म्हणजे दिवस लहान होणं. पहिलं लहरी आहे. कधी पंधरवडाभर आधी येतं, कधी उशिरा. दुसरं एका मिनिटानेही चुकत नाही. वाटेत दिसणारी खूण या दोहोंपैकी कुणाची, हे ओळखता आलं की शरद ऋतू निम्मा कळला असं मला वाटतं.

वारा पडतो तेव्हा

पावसाळ्यात राजस्थान आणि त्यापलीकडची जमीन तापून तिथे हवेचा दाब कमी झालेला असतो. त्या ओढीनेच अरबी समुद्रावरची ओली हवा नैऋत्येकडून आपल्याकडे येते. सप्टेंबरात सूर्य दक्षिणेकडे सरकतो, वायव्येकडची जमीन थंडावू लागते आणि ती ओढ सैल पडते. तिथली हवा वर चढण्याऐवजी खाली उतरू लागते. खाली उतरणारी हवा तापते आणि कोरडी होते, आणि कोरड्या हवेत ढग तग धरत नाहीत.

मॉन्सून परतला असं हवामान खातं एका कोरड्या दिवसावरून जाहीर करत नाही. वायव्य भारतात सलग पाच दिवस पाऊस नसणं, जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर जास्त दाबाचं क्षेत्र आणि त्यातून बाहेरच्या बाजूला वाहणारे वारे तयार होणं आणि हवेतला ओलावा स्पष्टपणे घटणं, या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. २०२० साली सुधारलेल्या तारखांनुसार ही माघार पश्चिम राजस्थानातून १७ सप्टेंबरला सुरू होते आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास मुंबईला पोहोचते. या झाल्या सरासरी तारखा. २०१९ मध्ये माघार सुरू व्हायलाच ९ ऑक्टोबर उजाडला होता.

गडावर उभं राहून हे सगळं आकडे न पाहताही कळतं. जुलैत तोंडावर येणारा पश्चिमेचा जोरदार वारा पडलेला असतो आणि तोरणा, राजगड स्वच्छ दिसतात. पावसाने धूळ धुऊन नेली हे त्याचं अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं की हवेतले धुळीचे आणि मिठाचे बारीक कण ओलावा शोषून फुगतात. फुगलेला कण सगळेच रंग सारखे विखुरतो, त्यामुळे आकाश दुधाळ दिसतं आणि लांबचे डोंगर पुसट होतात. हवा कोरडी झाली की कण आक्रसतात. मग मुख्यतः हवेचे रेणूच प्रकाश विखुरतात आणि ते निळा रंग इतर रंगांपेक्षा कितीतरी जास्त विखुरतात. शरदातलं आकाश इतकं गडद निळं दिसतं ते यामुळे.

पहाटेचा गारवा आणि दुपारचा चटका

दोन्हींचं मूळ एकच आहे: ढग गेले.

दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात आकाशाकडे सोडते. आभाळ भरलेलं असेल तर ढग ती उष्णता शोषून बरीचशी परत खाली पाठवतात. अंगावर गोधडी असावी तसं हे. गोधडी स्वतः उष्णता निर्माण करत नाही, आपलीच उष्णता बाहेर जाऊ देत नाही. सप्टेंबरअखेर ही गोधडी रात्रीची बाजूला सरते आणि जमिनीची उष्णता थेट निघून जाते. पुण्यात जुलैत दिवसाच्या कमाल आणि किमान तापमानात जेमतेम ५-६ अंशांचा फरक असतो. ऑक्टोबरात तो १२-१३ अंशांवर जातो.

दुपारचा प्रकार याच्या उलट. ३० जुलैच्या आसपास सूर्य पुण्याच्या बरोबर माथ्यावर असतो, तो शून्य सावलीचा दिवस. पण त्या दिवशी सावली पडते की नाही हे बघायला आपल्याला सूर्यच दिसत नाही. सप्टेंबरअखेरीला तो माथ्यावरून थोडा ढळलेला असला तरी क्षितिजापासून सुमारे ७० अंश वर असतो, म्हणजे मार्चमधल्या इतकाच. आता आडवं यायला ढग नसतात. त्यात जमीन अजून ओली असल्याने उन्हाने तिच्यातलं पाणी वाफ होऊन वर येतं आणि वारा पडलेला असल्याने ती वाफ हलत नाही. घाम सुकत नाही, म्हणून अंगाची तलखी होते. कोकणात आणि मुंबईत आणखी एक भर पडते. जमिनीकडून येणारा पूर्वेचा वारा समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याला दुपारपर्यंत अडवून धरतो. ऑगस्टमध्ये ३० अंशांच्या आसपास असणारं मुंबईचं सरासरी कमाल तापमान ऑक्टोबरात ३३ अंशांच्या वर जातं ते असं.

गवतावरचे थेंब दोन तऱ्हेचे

पहाटे लवकर पोहोचलात तर पायवाटेकडेला गुडघे टेकून गवत जवळून बघा. पात्यावर सगळीकडे पसरलेले बारीक बारीक ठिपके म्हणजे दव. गवताचं पातं पातळ, त्यात उष्णता साठायला जागा नाही, म्हणून ते रात्री भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. त्याला टेकलेल्या हवेतली वाफ मग त्याच्यावरच पाणी होऊन बसते. शेजारचा डांबरी रस्ता मात्र कोरडाच असतो, कारण दिवसाची उष्णता त्याच्या जाडीत अजून शिल्लक असते.

पण काही पात्यांच्या अगदी टोकाला एकच मोठा, गोल थेंब लटकत असतो. तो दव नाही. जमीन ओली असताना मुळं रात्रभर पाणी वर ढकलत राहतात. रात्री पानांची छिद्रं मिटलेली असल्यामुळे पाण्याला वाफ होऊन जाता येत नाही आणि ते टोकाच्या बारीक वाटांनी थेंब होऊन बाहेर पडतं. भाताच्या खाचरात हे फार सुंदर दिसतं. हा थेंब सांगतो की जमिनीत पाणी भरपूर आहे. पसरलेलं दव सांगतं की आकाश निरभ्र होतं. ज्या सकाळी एकाच पात्यावर दोन्ही दिसतात, ती सकाळ पावसाळा आणि हिवाळा यांच्या बरोबर सांध्यावरची.

याच दवामुळे कोळ्यांची जाळी एकाएकी नजरेत भरतात. जाळी आधीही होतीच. पण पावसाळाभर किडे खाऊन कोळी आता पूर्ण वाढलेले असतात, त्यामुळे जाळी मोठी असतात आणि दवाने उठून दिसतात.

संध्याकाळच का आक्रसते?

गडावरून उतरायला जरा रेंगाळलं तर अंधार गाठतो, आणि "एवढ्यात?" असं तोंडून निघतंच. दिवस लहान होतोय हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण सकाळी उजाडायला उशीर झाल्यासारखं का वाटत नाही?

पुण्याचं गणित मांडून पाहू. १ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या महिन्यात दिवस रोज साधारण एका मिनिटाने, म्हणजे एकूण अर्ध्या तासाने लहान होतो. हा अर्धा तास दोन्हीकडून सारखा कापला गेला असता तर सूर्योदय १५ मिनिटं उशिरा आणि सूर्यास्त १५ मिनिटं लवकर झाला असता. पण पृथ्वीचा कललेला आस आणि तिची थोडी लांबट कक्षा यांच्यामुळे सूर्य माथ्याशी येण्याची वेळही वर्षभर मागेपुढे होत असते. सप्टेंबरात ती सुमारे १० मिनिटांनी अलीकडे येते, म्हणजे अख्खा दिवसच १० मिनिटं अलीकडे सरकतो. सकाळच्या १५ मधून हे १० वजा होतात, संध्याकाळच्या १५ मध्ये मिळतात. परिणामी सूर्योदय ६.२० वरून ६.२५ वर, जेमतेम पाच मिनिटं हलतो. सूर्यास्त मात्र ६.४९ वरून ६.२४ वर येतो. तब्बल पंचवीस मिनिटं! मैदानावरची मुलं, फिरायला जाणारे आजोबा, गडावर रेंगाळणारे आपण, सगळ्यांची संध्याकाळच तेवढी कापली जाते.

झाडं रात्र मोजतात

हा फरक झाडांनाही कळतो आणि त्यांच्या दृष्टीने तो पावसापेक्षा भरवशाचा आहे. पाऊस फसवतो, सूर्य फसवत नाही.

१९२० साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं. त्यांना कोडं पडलं होतं ते आज मराठवाड्याच्या घराघरात असलेल्या सोयाबीनचंच. एक जात त्यांनी काही काही दिवसांच्या अंतराने पेरली. आधी पेरलेली झाडं उंच, मागून पेरलेली बुटकी. पण फुलांवर सगळी जवळजवळ एकाच वेळी आली. तापमान, खत, पाणी असं सगळं तपासून झाल्यावर उरलं ते दिवसाचं लहान होणं. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी त्यात दुरुस्ती केली. त्यांचं झाड आपल्या पडीक रानात माजणारं, कपड्यांना काटेरी बोंडं चिकटवणारं शंकेश्वर. लांब रात्रीच्या मध्येच थोडा वेळ दिवा लावला की ते फुलत नाही, असं त्यांना दिसलं. म्हणजे झाड दिवस नव्हे, सलग अंधार मोजतं.

हे मोजमाप पानांतल्या फायटोक्रोम नावाच्या रंगद्रव्यावर अवलंबून असतं. उजेडात ते एका रूपात असतं, अंधारात हळूहळू दुसऱ्या रूपात जातं. त्यावरून आणि झाडाच्या अंतर्गत दिनक्रमावरून रात्र पुरेशी लांबली का हे झाडाला कळतं. लांबली की पानांतून कळ्या धरण्याचा निरोप सुटतो. शेवंतीचा हंगाम यावरच चालतो. फुलशेती करणारे रात्री मध्येच दिवे लावून शेवंतीला थोपवून धरतात आणि भाव असेल तेव्हा फुलवतात. कोकणातल्या जुन्या गरव्या भाताच्या जातीही अशाच. पेरणी थोडी मागेपुढे झाली तरी निसवतात आपल्या वेळेलाच.

―――――――――――――――
चौकट: सूर्यावर चालणारं जुनं वेळापत्रक

शेतकऱ्यांची पावसाची नक्षत्रं चंद्रावर चालत नाहीत, सूर्यावर चालतात. त्यामुळे त्यांच्या इंग्रजी तारखा दरवर्षी जवळजवळ त्याच असतात.

उत्तरा: साधारण १३ सप्टेंबरपासून
हस्त: साधारण २७ सप्टेंबरपासून. हाच 'हत्तीचा पाऊस'. भोंडल्याच्या पाटावर हत्ती काढतात तो याच नक्षत्राचा.
चित्रा: साधारण १० ऑक्टोबरपासून
स्वाती: साधारण २४ ऑक्टोबरपासून

हस्ताचा पाऊस काळ्या जमिनीत मुरला की सोलापूर, अहिल्यानगरकडच्या कोरडवाहू रब्बी ज्वारीला पुढे पाऊस नसला तरी त्या ओलीवर तग धरता येतो.
―――――――――――――――

कुसळाची करामत

उताराच्या गवताकडे परत येऊ, कारण शरदाची पहिली पिवळी कडा तिथेच दिसते. आपल्याकडे पानगळ आत्ता होत नाही, ती माघ-फाल्गुनात. युरोप-अमेरिकेत झाडांना येणाऱ्या थंडीची धास्ती असते, म्हणून ती सप्टेंबर-ऑक्टोबरात पानं रंगवून टाकून देतात. सह्याद्रीतल्या झाडांना धास्ती कोरड्या उन्हाळ्याची. त्यांची मुळं खोल गेलेली असतात आणि खालची ओल अजून पुष्कळ महिने पुरणारी असते. गवताचं तसं नाही. कातळावरच्या वीतभर मातीत त्याचं सगळं जग. चार दिवस पाऊस थांबला की ती माती वाळते, पात्यातलं हिरवं द्रव्य मोडतं आणि आधीपासून असलेला पिवळा रंग वर येतो. तोवर बी धरून झालेलं असतं. बी धरलं की पात्यातला कस निघून जातो, म्हणून जाणता शेतकरी चाऱ्याचं गवत फार पिकू देत नाही.

कुसळी गवताचं एखादं बी मोज्यातून ओढून काढा. हे ऑक्टोबरात जास्त सापडतं, पण सप्टेंबरअखेरीला त्याची हिरवी, मऊ, एकमेकींत गुंतलेली कुसळं गवताच्या शेंड्याशी वेण्या घालून बसलेली दिसतात. बियाच्या एका बाजूला मागे वळलेले केस असलेलं तीक्ष्ण टोक आणि दुसऱ्या बाजूला लांब, तपकिरी, पिळा पडलेली शेपटी. वाळलेलं कुसळ तळहातावर ठेवा आणि त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. काही क्षणांत ते आपोआप फिरू लागतं! शेपटीतल्या पेशींच्या भिंती भिजल्या की फुगतात, पण सगळ्या बाजूंनी सारख्या फुगत नाहीत, म्हणून पीळ उलगडतो. वाळलं की पुन्हा पीळ पडतो. रात्रीचं दव आणि दुपारचं ऊन यांच्यामुळे हे रोज आलटून पालटून घडतं आणि प्रत्येक वेळी टोक मातीत थोडं खोल जातं. मागे वळलेले केस त्याला बाहेर येऊ देत नाहीत. मेलेल्या शेपटीचं हे काम दवाच्या आणि उन्हाच्या जोरावर चालतं, म्हणूनच ते या ऋतूला इतकं साजेसं आहे.

तेरडा मात्र कोरडेपणाची वाट पाहत नाही. गौरीला घरी आलेल्या तेरड्याचा रंग तीन दिवसांचा असला, तरी डोंगरउतारावर त्याच्या फुगीर बोंडांचा खेळ पुढे बरेच दिवस चालू असतो. पिकलेल्या बोंडाला नुसतं बोट लावलं की ते फुटून पाचही पाकळ्या आत गुंडाळल्या जातात आणि बिया उडतात. बोंडाच्या बाहेरच्या थरात पाण्याचा ताण दाटलेला असतो, तो एका झटक्यात मोकळा होतो. कुसळाला बी पेरायला वाळावं लागतं, तेरड्याला रसरशीत राहावं लागतं. पोरांना दोन्ही सारखेच आवडतात.

आफ्रिकेकडे निघालेले चतुर

गडाच्या माचीवर दुपारी चतुरांचे थवे घिरट्या घालत असतात. त्यांतले बरेचसे पिवळसर, रुंद पंखांचे, कुठेही न बसणारे चतुर एका अचाट प्रवासाच्या तयारीत असतात. पावसाळ्यातल्या उथळ डबक्यांत त्यांची पिल्लं सहा-सात आठवड्यांत मोठी होतात. डबकी आटायच्या आत निघून जाणं त्यांना भाग असतं.

मालदीवमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाला एका गोष्टीने बुचकळ्यात टाकलं. दर ऑक्टोबरला हे चतुर लाखोंनी बेटांवर येतात, पण तिथे गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीतच. मग अंडी घालायला जागा नसलेल्या ठिकाणी ते येतात कशाला? २००९ मध्ये त्यांनी मांडलं की ही बेटं फक्त वाटेतला थांबा आहेत. भारतावरून मॉन्सून मागे हटतो तसा पावसाचा पट्टा दक्षिणेकडे आणि मग पूर्व आफ्रिकेकडे सरकतो. उंचावर वाहणाऱ्या ईशान्येच्या वाऱ्यावर स्वार होऊन चतुर त्या पावसाच्या मागे मागे जातात. पुढच्या पिढ्या पुढच्या वर्षी नैऋत्येच्या वाऱ्यावरून परततात. ही सगळी फेरी १४ ते १८ हजार किलोमीटरची असावी असा त्यांचा अंदाज आहे, आणि ती एक कीटक पुरी करत नाही, त्याच्या पिढ्या पुरी करतात. ते आपल्या माचीवरून उडत जातात हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

येणारेही आहेत. नाल्याकाठच्या दगडावर शेपटी खालीवर हलवणारा करडा धोबी हिमालय आणि त्याही पलीकडून सप्टेंबरातच सह्याद्रीत उतरतो. हिवाळी पाहुण्यांत तो पहिल्यांपैकी.

परतीचा पाऊस आणि सोयाबीनची शेंग

आता दुपारी चारच्या त्या काळ्या ढगाकडे. जुलैतला पाऊस पसरट, ठेंगण्या ढगांतून येतो, तासन्‌तास पडतो आणि सहसा गडगडत नाही. परतीच्या पावसाचं तसं नाही. खाली ऊन लागून ओली जमीन वाफ सोडते, वर मात्र कोरडी आणि थंड हवा पसरलेली असते. खालची उबदार, ओली हवा एकदा उसळली की वरच्या थंड हवेत ती वेगाने चढतच जाते आणि ढग दहा-बारा किलोमीटर उंच होतो. त्याच्या वरच्या भागात बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आपटतात, त्यातून वीजभार वेगळा होतो आणि वीज कोसळते. म्हणून या दिवसांत दुपारनंतर गडाच्या उघड्या माथ्यावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये. हे ढग लहानशा भागावर थोड्या वेळात प्रचंड पाणी ओततात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्याच्या आंबील ओढ्याला आलेला जीवघेणा पूर अशाच काही तासांच्या पावसाचा होता.

आणि सुरुवातीला सांगितलेल्या त्या दोन कारणांची, ओलाव्याची आणि दिवसाच्या लांबीची, फारकत होते ती याच ठिकाणी. सोयाबीनची शेंग पिकते ती रात्रीच्या लांबीच्या हिशेबाने; तिचं पान सप्टेंबरअखेर पिवळं होऊन गळतं, पाऊस गेलेला असो वा नसो. पाऊस वेळेवर परतला असेल तर वाळलेली शेंग खळखळ वाजते आणि मळणी कोरड्या दाण्याची होते. तो लांबला, तर तीच पिकलेली शेंग झाडावर भिजते आणि दाण्याला शेंगेतच कोंब फुटतात. म्हणून लातूर-धाराशिवकडे या दिवसांत सकाळी निरभ्र आभाळ बघून काढणी सुरू होते, कापलेल्या सोयाबीनची सुडी लावली जाते आणि दुपारी पूर्वेला ढग दिसला की घरातलं प्रत्येक माणूस ताडपत्री घेऊन शेताकडे धावतं.